उणिवेचे सामर्थ्य : श्रद्धा आणि विनय

(सुवर्ण महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



नाशिकनगरी ही तपोभूमी म्हणून सर्वत्र ओळखली जाते. जैन परंपरेत तिचे स्थान विशेष आहे, कारण शहराला लागूनच म्हसरूळ येथे गजपंथ सिद्धक्षेत्र आहे. सात बलभद्र आणि आठ कोटी मुनी या टेकडीवरून सिद्धपदाला गेले, अशी परंपरेची श्रद्धा आहे. याच जिल्ह्यात बागलाण तालुक्यात मांगीतुंगी आहे. तेथे २०१६ साली भगवान ऋषभदेवांच्या १०८ फूट उंचीच्या अखंड पाषाणमूर्तीची प्रतिष्ठापना झाली. अशा क्षेत्रांच्या छायेत राहणाऱ्या समाजासमोर बलवंतांच्या आणि महापुरुषांच्या कथा नेहमीच सांगितल्या जातात. त्या सांगितल्याच पाहिजेत. मात्र ज्यांच्यापाशी बळ नव्हते, ज्यांच्यात काही ठळक उणीव होती, अशा जीवांनी ती उणीव कशी ओलांडली, याचाही विचार अशा प्रसंगी होणे आवश्यक आहे. कारण टेकडीच्या पायऱ्या चढणाऱ्या प्रत्येकाचे पाय सारखे नसतात.

उणीव कोणात नसते? एखाद्याची स्मरणशक्ती मंद असते, एखाद्याची दृष्टी जाते, कोणाचे शिक्षण अपुरे राहते, कोणाचा व्यापार बुडतो, तर कोणाला राग आवरत नाही. जगाची रीत अशी की माणूस आपली उणीव झाकून ठेवतो. झाकण्यासाठी बडेजाव करावा लागतो, बडेजाव सांभाळण्यासाठी खोटे बोलावे लागते, आणि मूळ उणीव आत तशीच राहून वाढत जाते. जैन शास्त्रकारांनी या स्थितीला फार नेमका शब्द दिला आहे : शल्य. शल्य म्हणजे अंगात रुतून राहिलेला काटा. माया, मिथ्यात्व आणि निदान अशी तीन शल्ये सांगितली आहेत. त्यांत आपले खरे रूप लपविण्याची वृत्ती, म्हणजे माया, हे पहिले शल्य मानले आहे. ज्याच्या अंतःकरणात शल्य आहे त्याचे व्रत खरे ठरत नाही, असा शास्त्राचा दंडक आहे.

मग उपाय कोणता? येथे श्रद्धा आणि विनय या दोन गुणांचे कार्य सुरू होते. जैन दर्शनात श्रद्धेचा अर्थ चमत्काराची वाट पाहणे असा नाही. तीर्थंकर कोणाची उणीव काढून घेत नाहीत आणि कोणाला बळ वाटतही नाहीत. ते मार्ग दाखवितात, चालावे ज्याचे त्यानेच लागते. प्रत्येक आत्म्याच्या ठिकाणी अनंत ज्ञान आणि अनंत वीर्य स्वभावतःच आहे, कर्माच्या आवरणामुळे ते झाकले गेले आहे, हा विश्वास म्हणजे श्रद्धा. बुद्धी मंद असेल तर ते ज्ञानावरणीय कर्माचे आवरण आहे. उत्साह आणि सामर्थ्य कमी पडत असेल तर तो वीर्यांतराय कर्माचा उदय आहे. आवरण हा स्वभाव नव्हे, आणि जे आवरण आहे त्याचा क्षयोपशम पुरुषार्थाने होऊ शकतो. विनय म्हणजे आज आपल्यावर ते आवरण आहे हे निमूटपणे मान्य करणे आणि ज्याच्यापाशी प्रकाश आहे त्याच्याकडे शिकण्यासाठी जाणे. म्हणूनच विनयाची गणना केवळ शिष्टाचारात झालेली नाही. सहा अभ्यंतर तपांमध्ये प्रायश्चित्ताच्या पाठोपाठ विनयाला स्थान आहे. श्रद्धा नसेल तर उणिवेची कबुली माणसाला खचविते, आणि विनय नसेल तर श्रद्धेचा अहंकार होतो. दोन्ही एकत्र आली म्हणजेच उणिवेचे रूपांतर होऊ लागते.

परंपरेतील माषतुष मुनींची कथा या दृष्टीने मननीय आहे. दीक्षा तर घेतली, पण पाठांतर काही केल्या होईना. अखेर गुरूंनी त्यांना दोनच लहान वचने दिली : मा रुष, मा तुष. रागावू नकोस, हर्षूनही जाऊ नकोस. मुनींना तेवढेही नीट आठवेना. ते ‘माष तुष’ असे घोकू लागले. माष म्हणजे उडीद आणि तुष म्हणजे टरफल. लोक हसत, मुले चिडवीत, आणि तेच त्यांचे नाव पडले. मात्र हसणाऱ्यांवर ते रागावले नाहीत आणि गुरूंवरील त्यांचा विश्वास ढळला नाही. शब्द चुकले, परंतु शब्दांचा अर्थ ते दररोज जगत राहिले, आणि त्यातूनच त्यांना केवलज्ञान झाले. दिगंबर परंपरेत हीच कथा शिवभूती मुनींच्या नावाने येते. तेथे उडदाची डाळ आणि टरफल वेगळे होताना पाहून देह आणि आत्मा यांचा भेद त्यांच्या अनुभवाला येतो. तपशील निराळा असला तरी दोन्ही परंपरांनी ही कथा जपली, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. विद्वत्तेचा एवढा मोठा वारसा असलेल्या धर्माने एका मंदबुद्धी साधूला केवलज्ञान्यांच्या पंक्तीत आदराने बसविले आहे.

ही कथा फार प्राचीन आहे, आजच्या काळात असे घडते काय, अशी शंका कोणी घेईल. त्यासाठी महाराष्ट्रातीलच उदाहरण पुरेसे आहे. २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे एका जैन कुटुंबात भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म झाला. वडील महसूल खात्यात कारकून होते. मुलाने शिकावे म्हणून त्यांनी त्यास कोल्हापूरला जैन बोर्डिंगमध्ये ठेवले. परंतु अभ्यासात भाऊरावांचे चित्त रमले नाही. अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले, आणि परतल्यावर शुद्धीचे स्नान करण्यास त्यांनी नकार दिला. त्यातून बोर्डिंग सोडावे लागले. मॅट्रिकची परीक्षा ते कधीच उत्तीर्ण झाले नाहीत. पुढे शिकवण्या केल्या, नांगर विकण्यासाठी खेडोपाडी फिरले. व्यवहाराच्या मोजमापाने पाहिले तर शिक्षणाच्या वाटेवर मागे पडलेला हा तरुण होता.

याच तरुणाने ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. शिक्षण अपुरे राहिल्याचे शल्य त्यांनी मनात दडवून ठेवले नाही. आपल्याला जे मिळाले नाही ते खेड्यातील प्रत्येक मुलाला मिळाले पाहिजे, या संकल्पात त्याचे रूपांतर झाले. १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू झाले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. पैसा नव्हता. धान्यासाठी आणि देणगीसाठी भाऊराव दारोदार फिरले, आणि घरोघरच्या मूठ मूठ धान्यावर मुलांची पंगत उठू लागली. गरिबीची लाज वाटू नये म्हणून त्यांनी ‘कमवा आणि शिका’ ही योजना आणली. ज्याच्यापाशी फी नाही त्याने शेतात, बांधकामावर, खडी फोडण्याच्या कामावर श्रम करावेत आणि त्या श्रमावर शिकावे. दारिद्र्य ही उणीव होती, तीच स्वावलंबनाची शाळा झाली. १९५९ साली पुणे विद्यापीठाने या मॅट्रिक न झालेल्या गृहस्थांना डी. लिट. ही सन्माननीय पदवी दिली, त्याच वर्षी भारत सरकारने पद्मभूषण देऊन त्यांचा गौरव केला, आणि त्याच वर्षी ९ मे रोजी कर्मवीरांचे देहावसान झाले.

या कार्यातील लक्ष्मीबाईंचा वाटा तर विशेष स्मरणीय आहे. संपन्न आणि धर्माचारात कडक अशा जैन घरात त्या वाढल्या होत्या. सोवळे-ओवळे त्यांच्या अंगवळणी पडलेले होते. पतीच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंक्तीला बसतात, ही गोष्ट त्यांच्या मनाला प्रारंभी किती जड गेली असेल याची कल्पना करता येते. तरीही त्याच माउलीने त्या मुलांना आपली मुले मानले, त्यांच्यासाठी स्वयंपाक केला, अंगावरचे दागिने एकेक करून दिले, आणि धान्य संपले तेव्हा मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्यांचे निधन झाले. उपवास आणि व्रते त्यांनी पाळली होतीच. परंतु मनात घर करून बसलेला दुरावा सोडणे हे त्यांचे सर्वांत कठीण व्रत म्हटले पाहिजे. अहिंसेवरची श्रद्धा स्वयंपाकघरापर्यंत पोहोचली तेव्हा संस्कारांची मर्यादा वात्सल्याच्या आड आली नाही.

दुसरे उदाहरण शेजारच्या गुजरातचे आहे. पंडित सुखलालजी संघवी यांचा जन्म १८८० साली सौराष्ट्रात एका व्यापारी जैन कुटुंबात झाला. वयाच्या सोळाव्या वर्षी देवीच्या आजारात त्यांची दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली. दुकानाचा आणि संसाराचा मार्ग बंद झाला. गावच्या उपाश्रयात येणाऱ्या साधु-साध्वींपाशी बसून ते ऐकू लागले आणि ऐकलेले मुखोद्गत करू लागले. १९०४ मध्ये ते काशीला गेले, पुढे न्यायशास्त्र शिकण्यासाठी मिथिलेत राहिले. तेथल्या कडाक्याच्या थंडीत अंगावरचा एकुलता एक स्वेटर गुरुजींना आवडला म्हणून त्यांनी तो देऊन टाकला आणि स्वतः गवत अंथरून रात्री काढल्या, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. ज्याला स्वतः वाचता येत नाही त्याला प्रत्येक पानासाठी दुसऱ्याच्या डोळ्यांवर अवलंबून राहावे लागते. मानी माणसाला हे परावलंबन असह्य होते. सुखलालजींनी ते शिष्यभावाने स्वीकारले. वाचून दाखविणारा वयाने लहान असो वा ज्ञानाने कमी असो, त्याच्या मुखातून येणारे शास्त्र त्यांनी आदराने घेतले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. जैन परंपरेत शास्त्रज्ञानाला ‘श्रुत’ म्हणतात, म्हणजे ऐकलेले. आगम शतकानुशतके मुखोद्गत राहिले आणि लेखन फार नंतर झाले. गृहस्थाला ‘श्रावक’ म्हणतात, तेही ऐकणारा या अर्थाने. दृष्टी गेल्यामुळे सुखलालजी ज्ञानाच्या या मूळ वाटेवर येऊन उभे राहिले. पंडित बेचरदास दोशी यांच्या सहकार्याने त्यांनी सिद्धसेन दिवाकरांच्या ‘सन्मतितर्क’ या ग्रंथाचे सटीक संपादन पाच भागांत सिद्ध केले. अनेक हस्तलिखितांतील पाठ ताडून पाहण्याचे हे काम डोळस पंडितांनाही जड जावे असे होते. १९३३ ते १९४४ या काळात त्यांनी काशी हिंदू विद्यापीठात जैन दर्शनाचे अध्यापन केले. १९५८ मध्ये त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार आणि १९७४ मध्ये पद्मभूषण मिळाले. १९७८ साली त्यांचे निधन झाले. गेलेली दृष्टी अखेरपर्यंत परत आली नाही, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. श्रद्धेने उणीव नाहीशी झाली नाही, परंतु तिच्यामुळे अडलेले जीवन चालू लागले.

आता समाजाने आणि संस्थांनी यातून काय घ्यावे, हा प्रश्न उरतो. सम्यग्दर्शनाची आठ अंगे सांगितली आहेत. त्यांत उपगूहन आणि स्थितीकरण ही दोन अंगे आहेत. उपगूहन म्हणजे दुसऱ्याचे दोष चव्हाट्यावर न आणणे, आणि स्थितीकरण म्हणजे जो डगमगतो आहे त्याला हात देऊन स्थिर करणे. व्यवहारात मात्र नेमके उलट घडते. माणूस स्वतःचे दोष झाकतो आणि दुसऱ्याचे उघडे करतो. दहावीत नापास झालेला मुलगा पाठशाळेत येणे थांबवितो. ज्याची पेढी बुडाली तो मंदिराच्या मागच्या दाराने दर्शन घेऊन निघून जातो. ज्या विधवा भगिनीला मुलांच्या फीची चिंता आहे ती चढाव्याच्या बोलींच्या वेळी कोपऱ्यात बसून राहते. यांच्यापैकी एखाद्यात उद्याचा कर्मवीर नसेलच असे कोण म्हणू शकेल? चांदवड येथे १९२८ मध्ये श्री नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रम उभा राहिला. विद्यार्थ्यांना आधार देणारी अशी वास्तू उभारणे हे स्थितीकरणाचेच मूर्त रूप होय. पन्नास वर्षे पूर्ण करणाऱ्या कोणत्याही संस्थेने आपल्या शिखराच्या उंचीबरोबरच आपण किती जणांना स्थिर केले याचाही हिशोब मांडावा.

पदाधिकाऱ्यांसाठी आणि ज्येष्ठांसाठी गणधर गौतमस्वामींचा आदर्श पुरेसा आहे. आनंद नावाच्या गृहस्थ श्रावकाला झालेल्या अवधिज्ञानाच्या व्याप्तीबद्दल त्यांनी शंका घेतली. भगवान महावीरांनी आनंदाचे म्हणणे खरे असल्याचे सांगताच, भगवंतांचा हा पट्टशिष्य तत्काळ त्या श्रावकाच्या घरी गेला आणि त्याने क्षमा मागितली. त्यामुळे गौतमांचे गणधरपद उणे झाले नाही. अडीच हजार वर्षांनंतरही ज्ञानासाठी त्यांचेच नाव घेतले जाते. ज्येष्ठांनी चूक मान्य केली तर धाकट्यांनाही आपली उणीव बोलून दाखविण्याचे धैर्य येते, आणि मग समाजात शल्य साचत नाही.

दरवर्षी पर्युषणात सर्वजण एकमेकांची क्षमा मागतात. त्या वेळी ‘काही चुकले असल्यास’ असे मोघम न म्हणता प्रत्येकाने आपली एक उणीव तरी नेमकी ओळखावी, ती योग्य त्या गुरुजनांपाशी सांगावी, आणि तिच्यावर पेलेल असा एकच लहान नियम वर्षभर पाळावा. माषतुष मुनींना दोन शब्द पुरले. सामान्य श्रावकालाही एक नियम पुरेल, तो श्रद्धेने धरला आणि विनयाने सांभाळला तर.

सर्वांचे कल्याण होवो. जय जिनेंद्र.