चौदा एप्रिलची मानवंदना
१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत धक्क्याला लागलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागली, तेव्हा त्याच्या पोटात कापसाच्या गाठी आणि सुमारे १,४०० टन स्फोटके होती. घट्ट दाबलेल्या गाठींत पाणी आतवर शिरत नसल्याने आग धुमसतच राहिली आणि जवान पाण्याचा मारा करीत असतानाच दुपारी चारच्या सुमारास झालेल्या स्फोटात, तसेच त्यानंतरच्या आगीत, अग्निशमन दलाचे ६६ जण मृत्युमुखी पडले. हाच दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. या दिवशी भरणाऱ्या स्मरणसभेत निवृत्त जवानांची उपस्थिती विशेष मोलाची मानावी लागते, कारण धुराने कोंदलेल्या जिन्यावर पाण्याने भरलेली जड नळी ओढत नेण्याचे कष्ट त्यांनी स्वतः सोसलेले असतात.