मोठ्यांच्या मरणाचा हिशेब

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आहुपे हे गाव पुणे जिल्ह्याच्या अगदी काठावर आहे. तालुका आंबेगाव. गावाच्या पुढे सह्याद्रीचा कडा, कड्याखाली ठाणे जिल्ह्यातला मुरबाड तालुका. घोड नदी याच परिसरात उगम पावते. वस्ती प्रामुख्याने महादेव कोळी समाजाची. भात, नाचणी, वरई ही पिकं, हिरड्याची वेचणी आणि पूर्वजांनी राखलेली देवराई. पावसाळ्यात इथे दिवसचे दिवस धुकं हटत नाही. तालुक्याचं ठिकाण घोडेगाव चाळीस-पन्नास किलोमीटरवर आणि मोठा दवाखाना त्याहीपुढे मंचरला. शनिवार-रविवारी शहरातली मंडळी कडा पाहायला येतात आणि संध्याकाळी परततात. मी आज या डोंगरपट्ट्याच्या निमित्तानं जरा वेगळ्या विषयावर बोलणार आहे. तिथे आणि एकूणच आपल्याकडे माणसं कोणत्या वयात मरतात, कशानं मरतात आणि त्याचा हिशेब कोण ठेवतं, हा तो विषय.

आरोग्याच्या आकडेवारीच्या कामात माझी बरीच वर्षं गेली. घाटमाथ्यावरच्या एखाद्या म्हातारीला ‘आजी, मुलं किती?’ असं विचारलं, की उत्तर ठरलेलं असायचं, ‘सात झाली, चार राहिली.’ झाली किती आणि राहिली किती, असे दोन आकडे सांगायची पद्धतच होती. उरलेली तीन कशानं गेली, हे विचारलं तर ‘ताप आला’, ‘हगवण लागली’, ‘पाचवीच्या आधीच गेलं’ अशी उत्तरं यायची. आज त्याच घरातल्या नातसुनेला विचारा. ती एकच आकडा सांगते. तिच्या मनात दोन आकडे येतच नाहीत. गेल्या पन्नास वर्षांत आपल्या समाजात जे बदललं, त्यातली ही फार मोठी गोष्ट आहे आणि आपण तिच्याविषयी फार कमी बोलतो.

आकड्यांत सांगायचं तर 1971 मध्ये महाराष्ट्रात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी 105 पहिला वाढदिवस पाहत नव्हती. देशाचा आकडा तेव्हा 129 होता. 2020 मध्ये महाराष्ट्राचा आकडा 16 वर आला, देशाचा 28 वर. हे आपोआप झालं नाही. लसीकरण आलं. जुलाबावर मीठ-साखर-पाण्याचं साधं औषध आलं. 1971 मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी त्याची ताकद सिद्ध केली होती. मुली शिकल्या, लग्नाचं वय थोडं वाढलं, बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली. 2005 नंतर गावातलीच ‘आशा’ घरोघर जाऊ लागली.

पण या सगळ्याच्या मुळाशी आणखी एक गोष्ट होती. कुणीतरी मोजायला बसलं होतं.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावोगावच्या बालमृत्यूंची नोंद ठेवायला सुरुवात केली. बाळ कोणत्या दिवशी गेलं आणि कशानं गेलं, हे घरी जाऊन विचारलं. निम्म्याहून जास्त मृत्यू पहिल्या महिन्यातच होतात, हे त्यातून समोर आलं. मग गावातल्याच बायकांना शिकवलं. बाळाला ऊब कशी द्यायची, श्वास कसा मोजायचा, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा आणि औषध कधी द्यायचं. 39 गावांत नवजात बाळांचे मृत्यू साठ टक्क्यांहून जास्त घटले. 1999 मध्ये हा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि पुढे देशभरच्या आशांच्या प्रशिक्षणात ही पद्धत घेतली गेली. 2001 मध्ये बंग आणि इतर संस्थांनी मिळून ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल काढला. सरकारी दफ्तरात जेवढे बालमृत्यू दिसतात, त्याहून कितीतरी जास्त प्रत्यक्षात होतात, हे त्यात दाखवून दिलं होतं. त्यावर मोठा गदारोळ झाला. पण त्यानंतर नोंदी सुधारल्या. नोंद सुधारली की जबाबदारी ठरते. आता एखाद्या पाड्यावर बाळ दगावलं, तर का दगावलं याची चौकशी होते. बाळंतीण दगावली, तरी होते. कागदावर का होईना, कुणाला तरी उत्तर द्यावं लागतं.

आता प्रश्न असा, की त्याच पाड्यावर बेचाळीस वर्षांचा बाप मेला, तर कोण विचारतं?

यासाठी तुम्हाला थोडं लांब, युरोपात घेऊन जातो. बाल्टिक समुद्राच्या काठी एस्टोनिया नावाचा चिमुकला देश आहे. लोकसंख्या तेरा लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या पुणे शहराहून कितीतरी कमी. 1991 मध्ये तो सोव्हिएत संघातून बाहेर पडून स्वतंत्र झाला. त्यानंतरच्या धकाधकीत, जुने कारखाने बंद पडत असताना, तिथल्या पुरुषांचं सरासरी आयुर्मान घसरत गेलं आणि 1994 मध्ये ते जेमतेम साठ-एकसष्ट वर्षांवर आलं. साथ नव्हती, युद्ध नव्हतं. हृदयविकार, दारू, अपघात, मारामाऱ्या यांत कर्ती माणसं जात होती. पुढे परिस्थिती सावरली. आज तिथला बालमृत्युदर हजारी दोनच्या आसपास, म्हणजे जगातल्या सर्वांत कमी दरांपैकी एक आहे. तरीही तिथला पुरुष बाईपेक्षा सरासरी आठ-नऊ वर्षं आधी जातो. बाळांना वाचवणं तुलनेनं लवकर जमलं, मोठ्यांना वाचवणं जड गेलं. बाळाचा जीव लस, ऊब आणि स्वच्छ पाण्यानं बराचसा वाचतो. मोठ्या माणसाचा जीव त्याच्या कामात, व्यसनात, रस्त्यात आणि दवाखान्याच्या अंतरात अडकलेला असतो.

मात्र एस्टोनियाला हे कळलं, कारण तिथे प्रत्येक मृत्यूची कारणासह नोंद होत होती. आपल्याकडे जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा 1969 पासून आहे. एकवीस दिवसांत नोंद करायची असते. नोंदी होतात, पण कारणाचं काय? 2020 मध्ये देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी फक्त साडेबावीस टक्के मृत्यूंचं कारण डॉक्टरनं प्रमाणित केलेलं होतं. बाकीचे नुसतेच ‘वारले’. घाटमाथ्यावरच्या एका गावात मी मृत्यूंची नोंदवही चाळली होती. कारणाच्या रकान्यात ‘वार्धक्य’, ‘ताप’, ‘अचानक’, पुन्हा ‘अचानक’. एका ‘अचानक’च्या पुढे वय होतं अडतीस. शेजारी बसलेल्या गृहस्थांनी सहज सांगितलं, ‘त्याला पान लागलं होतं.’

पान लागणं म्हणजे साप चावणं. सापाचं नाव घ्यायचं नाही म्हणून आलेला हा शब्द. पण पान लागलेल्या माणसाचा मृत्यू वहीत ‘अचानक’ झाला, की पुढे जिल्ह्याच्या आणि राज्याच्या आकड्यांत साप नाहीसाच होतो. आणि आकड्यात साप नसेल, तर जवळच्या आरोग्य केंद्रात सर्पविषावरची लस किती ठेवायची, हे कुणी कशावरून ठरवायचं?

हा प्रश्न एका गावाचा नाही. देशभर हजारो घरी जाऊन ‘माणूस कसा गेला’ हे नातेवाइकांना विचारणारा एक मोठा अभ्यास झाला. त्याच्या आधारे 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे 46 हजार माणसं सर्पदंशानं मरत होती. सरकारी रुग्णालयांच्या नोंदीत दिसणारे मृत्यू त्यापुढे अगदी मूठभर होते. बहुतेक माणसं दवाखान्यापर्यंत पोचलीच नव्हती. भाताच्या लावणीत गुडघाभर चिखलात उभी असणारी, रात्री जमिनीवर झोपणारी ही माणसं. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं सर्पदंशाची नोंद सक्तीची करा, असं राज्यांना कळवलं. उशिरा का होईना, मोजायला सुरुवात झाली.

मोजलं की काय घडू शकतं, याची उदाहरणं आपल्या जवळच आहेत. घाट उतरून कोकणात जा. डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 मध्ये महाडजवळच्या बिरवाडीला सरकारी डॉक्टर म्हणून गेले. विंचूदंशाचे गंभीर रुग्ण त्यांच्यासमोर दगावत होते. त्यांनी एकेक रुग्ण रात्र-रात्र जागून पाहिला, लिहून ठेवला. मृत्यू हृदयावरच्या ताणानं होतो हे त्यांनी ओळखलं आणि प्राझोसिन नावाची एक स्वस्त गोळी वापरून पाहिली. शंभरातले तीस-चाळीस रुग्ण दगावत, ते प्रमाण एक-दोनवर आलं. इकडे जुन्नर तालुक्यात नारायणगावचे डॉ. सदानंद आणि डॉ. पल्लवी राऊत अनेक वर्षं सर्पदंशाच्या रुग्णांवर उपचार करताहेत आणि मांत्रिकाकडे न जाता दवाखान्यात या, म्हणून गावोगाव सांगताहेत. अशा कामाची सुरुवात माणूस नेमका कशानं जातोय, हे नीट पाहण्यापासूनच होते.

याच आंबेगाव तालुक्यात 30 जुलै 2014 रोजी माळीण गाव डोंगराखाली गाडलं गेलं. 151 माणसं गेली. साऱ्या देशानं दखल घेतली, घ्यायलाच हवी होती. पुढे नवं गाव वसवलं गेलं. पण डोंगरपट्ट्यातल्या पाड्यांवर वर्षाकाठी एक-एक करून जी माणसं वेळेआधी जातात, त्यांची बातमी होत नाही. आदिवासींच्या आरोग्याविषयी डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं 2018 मध्ये अहवाल दिला. त्यानुसार आदिवासींचं सरासरी आयुर्मान 63.9 वर्षं होतं, इतरांचं 67. ही तीन वर्षं ऐकायला थोडी वाटतात. पण सरासरीतली तीन वर्षं म्हणजे कुणाची पाच, कुणाची पंचवीस.

आणखी एक अडचण समजून घ्या. लहान गावात दर काढून उपयोग नसतो. समजा, गावात वर्षाला वीस बाळं जन्मली आणि एक गेलं, तर दर हजारी पन्नास होतो. पुढच्या वर्षी एकही गेलं नाही, तर शून्य. पहिल्या वर्षी गाव वाईट आणि दुसऱ्या वर्षी उत्तम, असं थोडंच असतं? म्हणून तालुका, जिल्हा, राज्य यांना दर उपयोगी, पण गावाला कारणंच उपयोगी. गावात वर्षभरात दहा-बारा माणसं गेली असतील, तर दहा-बारा कारणं समजून घेणं अवघड नाही. त्याला ना संगणक लागतो, ना तज्ज्ञ.

माझी सूचना अगदी साधी आहे. वर्षातून एका ग्रामसभेत, नावं न घेता, गेल्या वर्षीच्या मृत्यूंची यादी वाचावी. वय, महिना आणि कारण. प्रत्येकासमोर चार प्रश्न विचारावेत. दुखणं केव्हा कळलं? घरातून निघायला किती वेळ लागला? वाहन केव्हा मिळालं? दवाखान्यात पोचल्यावर उपचार मिळाले का? छातीत कळ आलेला माणूस ‘वात धरला असेल’ म्हणून रात्रभर घरीच राहिला असेल, तर तो पहिल्या प्रश्नात सापडेल. पान लागलेला आधी मांत्रिकाकडे नेला असेल, तर दुसऱ्यात. ओढ्याला पाणी म्हणून गाडी आलीच नसेल, तर तिसऱ्यात. आणि लस शिल्लक नसेल, तर चौथ्यात. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं गावानं शोधायची आहेत. पुढच्या दोन प्रश्नांची उत्तरं मागायची आहेत आणि मागताना हातात यादी असली, की उडवून लावता येत नाही.

दारूचा रकानाही सोडू नका. ‘पडून मेला’, ‘पोटात पाणी झालं’ या शब्दांआड पुष्कळदा बाटली असते. बोलायला लाज वाटते, म्हणून लिहिलं जात नाही. आणि लिहिलं नाही, म्हणून थांबत नाही.

घरातलं कर्तं माणूस चाळिशीत गेलं, की त्या घरातल्या मुलीची शाळा सुटते, लग्न लवकर होतं आणि तिचं पहिलं बाळ कमी वजनाचं जन्माला येतं. म्हणजे मोठ्यांचं अकाली मरण फिरून बाळांपाशीच येतं. आपण ‘सात झाली, चार राहिली’ ही भाषा एका पिढीत मागे टाकली. ‘अचानक गेला’ ही भाषाही मागे टाकता येईल. पुढच्या ग्रामसभेत कुणीतरी उठून ती नोंदवही तेवढी मागायला हवी.