लहान मुले आणि तुळजापूरची यात्रा

सुट्टी जवळ आली, की घरोघरी प्रवासाचे बेत सुरू होतात. पुण्यामुंबईच्या ज्या कुटुंबांची कुलस्वामिनी तुळजाभवानी आहे, त्यांच्या बेतात तुळजापूरचे नाव बहुधा अग्रभागी असते. कोणाला नव्या सुनेच्या हातून ओटी भरावयाची असते, कोणाला तान्ह्याचे जावळ काढावयाचे असते, कोणाचा नवस फेडावयाचा राहिलेला असतो. बेत ठरतो तो वडीलधाऱ्यांच्या सोयीने. रजा किती, मोटार कोणाची, परतताना पंढरपूर आणि अक्कलकोटही होऊन जाईल की नाही, याचा खल होतो. या खलात घरातील चार वर्षांच्या मुलाचे मत कोणी विचारीत नाही. आणि त्यात वावगेही काही नाही, कारण त्याला अद्याप मत नसते. परंतु त्याला शरीर असते. ते किती वेळ एका जागी बसू शकेल, केव्हा भुकेजेल आणि केव्हा झोपेल, हा हिशेब त्याला न विचारताही करता येतो. आणि बहुतेक घरी नेमका तोच करावयाचा राहून जातो.

त्याचा परिणाम देवळाच्या रांगेत पाहावयास मिळतो. रात्रभर प्रवास करून आलेले, पहाटेच अंघोळ घालून नवे कपडे चढविलेले मूल दोन तास मोठ्यांच्या गुडघ्यांच्या अरण्यात उभे असते. त्याला देवी दिसत नाही, कळस दिसत नाही. दिसतात त्या पुढच्या माणसाच्या पिशव्या. अखेरीस गाभाऱ्याशी पोचताच गर्दीचा एक लोट येतो आणि ते किंचाळू लागते. आई खजील होते, वडील रागावतात, आणि आजी म्हणते, "देवीच्या दारात असे रडू नये रे बाळा." दर्शन होते, पण ते मोठ्यांचे. मुलाच्या मनात कुलस्वामिनीची पहिली ओळख राहते ती घामाची, भीतीची आणि वडिलांच्या रागाची. कुलाचार पुढच्या पिढीच्या हाती द्यावा म्हणून जो खटाटोप केला, तो त्याच पिढीच्या मनात अढी उत्पन्न करून संपावा, यासारखी दुर्दैवाची गोष्ट नाही.

वास्तविक तुळजापूर हे मुलांसह जाण्यास अवघड ठिकाण नव्हे. सोलापुरास आगगाडी १८६० सालीच आली. २०२३ पासून मुंबईहून वंदे भारत गाडीने सुमारे साडेसहा तासांत सोलापूर गाठता येते. तेथून बालाघाटाच्या डोंगरातील तुळजापूर सुमारे ४५ किलोमीटर आहे. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हे क्षेत्र हैदराबाद संस्थानात असल्यामुळे सोलापूरकडून येणाऱ्या यात्रेकरूस राज्याची हद्द ओलांडावी लागे. आता सोलापुरात एस. टी. अथवा मोटार धरली, की तासा-सव्वातासात देवीची पायरी लागते.

तिकिटाविषयी एक सूचना येथे उपयोगी पडेल. पाच वर्षांखालील मुलास रेल्वेत स्वतंत्र जागा न घेतल्यास भाडे पडत नाही. मात्र जागा हवी असल्यास पूर्ण भाडे द्यावे लागते. २०१६ च्या एप्रिलपासून पाच ते बारा वर्षांच्या मुलांसही स्वतंत्र जागेसाठी हाच नियम आहे. काटकसरी गृहस्थ मुलाला मांडीवर घेऊन भाडे वाचवितो. परंतु सहा तास मांडीवर आंबलेले मूल आणि सहा तास मूल घेऊन आंबलेली आई, अशी दोन माणसे त्या बचतीची किंमत दुसऱ्या दिवशी रांगेत मोजीत असतात.

पुढे मोटारीत मुलास मळमळू लागले, तर आया त्याच्या खाण्याला दोष देतात. खरे कारण निराळे आहे. अंतर्कर्णातील तोल सांभाळणारे इंद्रिय सांगते, की देह हलत आहे. पुस्तकावर अथवा भ्रमणध्वनीच्या पडद्यावर खिळलेले डोळे सांगतात, की सर्व स्थिर आहे. या परस्परविरोधी वार्तांनी पोटात कालवाकालव होते. दोन वर्षांखालील मुलांस हा त्रास क्वचित होतो. दोन ते बारा या वयात अधिक. म्हणून प्रवासात मुलाच्या हातातील पडदा काढून घ्यावा, त्याला दूरचे डोंगर, झाडे व गुरे दाखवावी, आणि पोट ना रिकामे ना तुडुंब ठेवावे. दुधात भिजविलेल्या पिठाची दशमी ही आजीच्या काळची शिदोरी या कामी आजही कोणत्याही पुड्यातल्या खाऊहून सरस आहे.

काळवेळेचा विवेक याहून महत्त्वाचा. एप्रिल-मे महिन्यांत या भागात उन्हाचा पारा चाळिशी ओलांडतो, आणि शाळांची मोठी सुट्टी नेमकी तेव्हाच असते. जाणे अपरिहार्यच असेल, तर सकाळी दहाच्या आत दर्शन आटोपून मुलांस सावलीत आणावे. मुलास जुलाब लागल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट भरलेले सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून ते पाणी थोडे थोडे पाजीत राहावे व वैद्याकडे न्यावे. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी अशाच साध्या क्षारजलाने असंख्य रोग्यांचे प्राण वाचविले, हे ध्यानी घेतले म्हणजे या उपायास कोणी क्षुल्लक समजणार नाही. सहा महिन्यांखालील तान्ह्यास मात्र उन्हाळ्यातही आईचे दूधच द्यावे. वरचे पाणी देऊ नये.

गर्दीचे दिवस तर ठरलेलेच आहेत. मंगळवार, शुक्रवार, रविवार आणि पौर्णिमा या दिवशी देऊळ ओसंडते. आश्विनातील नवरात्र व कोजागिरी या काळात तर सोलापूरकडून व कर्नाटकातून येणाऱ्या पायी यात्रेकरूंनी रस्तेच्या रस्ते भरून जातात. तो सोहळा अपूर्व खरा. पण तो मुलाने मोठे होऊन स्वतःच्या पायांनी पाहावयाचा आहे. तान्ह्याला नेण्यास एखादा साधा बुधवार अथवा गुरुवार पुरे.

अशा निवांत दिवशी हेच देऊळ मुलास केवढे तरी मोठे विश्व वाटते. महाद्वारातून पायऱ्या उतरून खाली जावयाचे, ही गोष्टच त्याला गंमतीची. इतर देवळांत चढावे लागते. येथे देवीकडे उतरावे लागते. मात्र लहान मुलाची ढकलगाडी येथे निरुपयोगी. तान्हे झोळीत किंवा कडेवरच हवे. पुढे कल्लोळ तीर्थ, गाईच्या मुखातून पाणी वाहणारे गोमुख तीर्थ, गोंधळ्यांचे संबळ, गळ्यातील कवड्यांच्या माळा, हातातील पेटता पोत, हे सारे डोळे विस्फारून पाहण्याजोगे. प्रदक्षिणेच्या वाटेवर चिंतामणी नावाचा गोल दगड आहे. त्यावर हात ठेवून मनात प्रश्न धरावा, दगड उजवीकडे वळला तर होय आणि डावीकडे वळला तर नाही, अशी भाविकांची समजूत आहे. तेथे मोठी माणसे नोकरीचा व लग्नाचा प्रश्न विचारतात; मूल आपला प्रश्न विचारील. त्याला तेवढा अवसर द्यावा. महिषासुराची गोष्ट आदल्या रात्री सांगून ठेवली असेल, तर ते गाभाऱ्यात भिणार नाही. ओळखीच्या घरी आल्यासारखे पाहील.

आणि दुपारी त्याला झोपू द्यावे. पुजाऱ्यांच्या घरी उतरण्याची जुनी रीत या दृष्टीने फार सोयीची. कित्येकांस वाटते, की एवढ्या लांब येऊन दुपार झोपेत घालविणे म्हणजे वेळेचा अपव्यय. अशांनी तुळजापूरच्या देवीचाच नेम आठवावा. तिची मूर्ती अचल नाही. वर्षातून तीन वेळा ती सिंहासनावरून हलवून पलंगावर निजविण्यात येते. शारदीय नवरात्रापूर्वी घोरनिद्रा, दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर श्रमनिद्रा आणि पौषात शाकंभरी नवरात्रापूर्वी मोहनिद्रा. महिषासुराशी युद्ध करून शिणलेल्या जगन्मातेस भक्त विश्रांती देतात, आणि दाराशी आलेल्या तिच्याच लेकरास मात्र दोन तासांची झोप नाकारतात, ही विसंगती ध्यानात येण्याजोगी आहे.

दुसऱ्या दिवशी मुलांसाठी एकच ठिकाण जोडावे, चार नव्हे. मोटारीने तासाभराच्या आत नळदुर्गचा किल्ला येतो. बोरी नदीवर तेथे बांध घालून त्याच्या पोटात दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकीर्दीत १६१३ साली पाणीमहाल बांधला. पावसाळ्यात बांधावरून धबधबे कोसळत असता आतील दालने कोरडी राहतात, हे ऐकून कोणते मूल हरखणार नाही? मात्र तटाच्या उघड्या कडांपाशी मुलाचा हात सोडू नये.

गर्दीत हात सुटणे, हीच यात्रेतील खरी धास्ती. त्यासाठी निघण्यापूर्वी त्या दिवशीच्या कपड्यांत मुलाचे छायाचित्र काढावे, वडिलांचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी त्याच्या आतल्या खिशात ठेवावी, आणि हरवल्यास धावू नये, जागीच उभे राहून पोलिसाला किंवा मूल बरोबर असलेल्या बाईला सांगावे, हे त्याच्याकडून दोनदा वदवून घ्यावे. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक मोठ्यांनी पाठ करावा. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या ज्या उपक्रमातून १९९६ साली मुंबईत ही सेवा निघाली, त्या संस्थेचा एक परिसर तुळजापुरातच आहे.

एवढे केल्यावर कदाचित पंढरपूर राहील, अक्कलकोट राहील. राहू द्यावे. देवस्थाने कोठे जात नाहीत. मुलाचे चौथे वर्ष मात्र एकदाच येते. त्या वर्षी जर त्याने पोटभर झोपून, आईचा हात धरून, हसतमुखाने त्या पायऱ्या उतरल्या असतील, तर पुढे त्याला तुळजापुरास चल म्हणून कोणास आग्रह करावा लागणार नाही. ते आपल्या लेकरांना घेऊन आपण होऊन येईल.