वाडीची वही: लूत कुठून आली, कुठे चालली?

(ग्रामसंघाच्या मासिक बैठकीत लांजा तालुक्यातील एका पशुसखीने केलेले भाषण)



हप्त्याचा हिशोब झाला, आता थोडं गोठ्याबद्दल बोलूया. तसे गोठा नि हप्ता वेगळे नाहीतच. गटाच्या कर्जातून शेळी घेतली आणि तिला लूत लागली, की दूध आटतं, वजन उतरतं, गिऱ्हाईक तोंड फिरवतं. हप्ता मात्र थांबत नाही.

लूत उष्णतेने होत नाही, कुणाच्या नजरेनेही नाही. गोचिडीच्या जातकुळीतला एक अगदी बारीक किडा असतो, अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान. मादी कातडीत बीळ करून अंडी घालते. तीन ते पाच दिवसांत अंडी फुटतात आणि दोन-तीन आठवड्यांत नवी पिढी तयार होते. म्हणून आज एक शेळी खाजवते आणि पुढच्या महिन्यात अख्खा गोठा. पावसात आपण जनावरं दाटीवाटीने बांधतो, तेव्हा याचं फावतं.

शेळीला बहुधा तोंडापासून, कानांपासून सुरुवात होते. केस जातात, कातडी जाड होते, खपल्या धरतात. कुत्र्याच्या कानाच्या कडा आणि कोपरं बघा. वासराच्या अंगावर गोल पांढरट चट्टे असतील तर ते गजकर्ण असू शकतं. गाय-बैलाला ताप येऊन गाठी आल्या तर लम्पी असू शकतो. नाव आपण ठरवायचं नाही, डॉक्टरांना दाखवायचं.

आता मुद्द्याचं. समजा, तीन वाड्यांत तीन घरी एकेक शेळी खाजवते आहे. प्रत्येकीला वाटतं, माझीच शेळी. लाजेने कुणी बोलत नाही. पण तिघींनी एकाच वहीत लिहिलं तर कदाचित दिसेल, की तिन्ही शेळ्या एकाच बोकडाकडे नेल्या होत्या. मग आधी उपचार कुणावर करायचा ते कळतं. एका घरातून हे दिसत नाही, वहीतून दिसतं.

2022 चा लम्पी आठवा. ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यात तो दिसला आणि मग राज्यभर पसरला. बाधित गावाभोवती पाच किलोमीटरच्या पट्ट्यात लसीकरण करायचं ठरलं होतं. पण कुठलं गाव बाधित, हे कुणी कळवलंच नाही तर पट्टा आखणार कुठून?

रानातली जनावरं तर बोलतही नाहीत. मेलेली कोंबडी आपण वाडीबाहेर टाकतो, तिथे आपला कुत्राही जातो आणि रात्री कोल्हाही. हाच किडा एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात 1994 साली खोकडांमध्ये लूत शिरली. दोन-तीन वर्षांत शंभरातली पंचाण्णवहून जास्त खोकडं नाहीशी झाली. तिथले अभ्यासक वर्षानुवर्षं त्यांची नोंद ठेवत होते, म्हणून हे कळलं.

आपली वही साधी ठेवा. तारीख, वाडी, कोणतं जनावर, कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर. गोठ्यात किती, त्यातली किती खाजवतात. गेल्या दोन महिन्यांत नवीन जनावर कुठून आणलं, बोकड कुणाचा. केस गेलेला कुत्रा किंवा कोल्हा कुठे दिसला. औषध कधी दिलं. बस्स. कोल्हा दिसला तर जवळ जाऊ नका, हाकलू नका, वनखात्याला 1926 वर कळवा. जनावरांच्या डॉक्टरांसाठी 1962.

जळकं ऑईल किंवा फवारणीचं औषध अंगाला चोळू नका. जनावर चाटतं आणि विषबाधा होते. डॉक्टर इंजेक्शन देतील, पण पहिल्या डोसाने अंडी मरत नाहीत, म्हणून सांगतील त्या तारखेला दुसरा डोस चुकवू नका. दूध किती दिवस वापरायचं नाही, तेही विचारून लिहून ठेवा. आजारी शेळी वेगळी बांधा, दावं-पोतं वेगळं ठेवा. नवीन आणलेलं जनावरही दोन-तीन आठवडे वेगळंच.

लूत लागलेल्या जनावराला हात लावून आपल्या हातावर, पोटावर खाज उठू शकते. जनावर बरं झालं की ती बहुधा आपोआप जाते. पण घरातली सगळीच रात्री खाजवायला लागली तर ती माणसांची खरूज असेल. प्राथमिक आरोग्य केंद्रात जा.

आणि एक कळकळीने सांगते. खाजणारी शेळी गुपचूप विकू नका. ती आपल्याच कुठल्या तरी बहिणीच्या गोठ्यात जाणार आहे, आणि तिच्याही डोक्यावर हप्ता आहे.

पुढच्या बैठकीला येताना बचतीच्या पासबुकाबरोबर आपल्या वाडीच्या नोंदी घेऊन या. काही नसेल तर 'या महिन्यात लूत नाही' एवढं लिहा. तीही नोंदच आहे.