गोड टोमॅटोची निवड

(संस्थेच्या वांद्रे येथील विज्ञान मेळाव्यात केलेले भाषण)



मघाशी प्रदर्शन पाहताना नववीतल्या एका मुलीने मला अडवून विचारले, “सर, अम्मी म्हणते पूर्वीच्या टोमॅटोला चव होती, आता नुसता रंग उरलाय. खरं का?” मी अंतराळयानांवर बोलायचे ठरवून आलो होतो. ते कागद खिशातच राहू देतो आणि या प्रश्नाचे उत्तर देतो.

अम्मीचे म्हणणे पुष्कळसे खरे आहे. टोमॅटोत शंभरातले चौऱ्याण्णव-पंचाण्णव भाग पाणीच असते. उरलेल्या थोडक्या भागात साखर, आंबटपणा आणि वास यांचा सारा संसार. पाने उन्हात जी साखर तयार करतात ती झाडावरच्या सर्व फळांत वाटली जाते. फळे मोठी आणि पुष्कळ असली की प्रत्येकाच्या वाट्याला कमी येते. आता नारायणगावच्या बाजारातून मुंबईला माल पाठवणाऱ्याला काय हवे? क्रेटमध्ये न फुटणारा, टणक, सगळीकडून सारखा लाल टोमॅटो. वाण तयार करणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तेच गुण निवडले. चव कोणी मुद्दाम काढून टाकली नाही. तिच्याकडे कोणी पाहिले नाही, इतकेच.

याचे एक नमुनेदार उदाहरण २०१२ साली उजेडात आले. जुन्या वाणांच्या कच्च्या फळाला देठाजवळ गडद हिरवे खांदे असत. असे खांदे नसलेले, एकसारखे पिकणारे झाड आढळले तेव्हा सर्वांना ते आवडले आणि तो गुण जगभर पसरला. पुढे कळले की हे एका जनुकातल्या बिघाडामुळे होते. त्या हिरव्या खांद्यांतले हरितद्रव्य फळातच थोडी साखर बनवीत असे. रूप सुधारले आणि गोडी घटली!

मग गोडी परत आणायची कशी? १९६२ च्या डिसेंबरात ह्यू इल्टिस आणि डॉन युजेंट हे दोन वनस्पतिशास्त्रज्ञ पेरूच्या डोंगरात जंगली बटाटे शोधत होते. वाटेत एक रानटी टोमॅटो दिसला. फळे इवलीशी, हिरवी, खाण्याच्या कामाची नव्हेत. तरीही त्यांनी बी जपून कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथे चार्ल्स रिक यांच्याकडे पाठवले. त्या फळात साखरेचे प्रमाण नेहमीच्या टोमॅटोच्या जवळजवळ दुप्पट निघाले. रिक यांनी त्याचा संकर शेतातल्या टोमॅटोशी केला, संतती पुन्हा शेतातल्या वाणाशी जुळवली आणि दर पिढीत गोड फळाची झाडे निवडत गेले. मोठ्या लाल फळात ती गोडी उतरल्याचे त्यांनी १९७४ साली प्रसिद्ध केले. मधली बारा वर्षे मोजा.

टोमॅटो त्यातल्या त्यात लवकर उत्तर देतो. आमच्या कोकणात वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ आंबा १९८१ साली दिला. त्यात हापूसचा साका नाही. पण आंब्याची कोय लावून फळाची चव घ्यायला किती वर्षे थांबावे लागते ते बागवाल्यांना विचारा. टोमॅटोची एक पिढी चार महिन्यांत हाती येते.

म्हणून मीही गच्चीवर हा उद्योग केला. बाजारातले एक गोड चेरी टोमॅटो आणले, बी धुऊन वाळवले आणि बारा डब्यांत लावले. बारा झाडांची फळे बारा तऱ्हेची! दुकानातले फळ बहुधा संकरित वाणाचे असते. त्याच्या बियांतून आईबापांचे गुण वेगवेगळे वाटले जातात. त्यांतले सर्वांत गोड झाड निवडून मोठ्या उमेदीने बी राखले. पुढच्या वर्षी त्या झाडाची सारी संतती आंबट.

चूक माझीच. ते झाड कोपऱ्यात होते, तिथवर पाणी पुरत नसे. पाणी कमी मिळाले की फळ लहान आणि गोड होते. ती गोडी तहानेची होती, वंशाची नव्हे. ती बियात उतरत नाही. त्यानंतर सर्व डबे एका मापाचे, माती एका ढिगातली, पाणी लोट्याने मोजून आणि डब्यांच्या जागा दर आठवड्याला बदललेल्या. शास्त्रज्ञ रिफ्रॅक्टोमीटरवर रसाचा थेंब ठेवून आकडा वाचतात. माझ्याकडे घरातली तीन मुले होती. कोणते फळ कोणत्या डब्यातले हे त्यांना न सांगता चाखायला द्यायचो. एका फळावर नाही, एका झाडाच्या पाच-सहा फळांवर निकाल.

टोमॅटोचे फूल बहुधा स्वतःच्याच परागाने फळते. त्यामुळे प्रत्येक पिढीत मिश्र जनुकांचा वाटा निम्म्याने घटतो. पाचव्या पिढीत माझी झाडे बरीचशी एकसारखी आणि खरोखर गोड निघाली. फळ मात्र लहान, उतारा कमी. घरून शेरा मिळाला : कोशिंबिरीला छान, सालनाला निकामी!

हा उताऱ्याचा प्रश्न थट्टेचा नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये भाव कोसळले तेव्हा नाशिककडच्या शेतकऱ्यांनी टोमॅटो रस्त्यावर ओतले होते. वजनावर विकणाऱ्याला ‘कमी पण गोड पिकवा’ असे सांगण्याचा आपल्याला काय अधिकार? म्हणूनच २०२४ मधली एक बातमी मला महत्त्वाची वाटते. चीनमधील संशोधकांनी टोमॅटोतली साखरेला लगाम घालणारी दोन जनुके शोधून ती निकामी केली. फळाचे वजन न घटता ग्लुकोज व फ्रुक्टोज तीस टक्क्यांपर्यंत वाढले. शेतात आणि बाजारात हे कितपत टिकते ते पाहायचे आहे.

बाहेरच्या मेजावर माझ्या सहाव्या पिढीच्या बियांच्या पुड्या ठेवल्या आहेत. पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात पेरा, एका डब्यात एकच रोप ठेवा, डब्यावर क्रमांक घाला आणि पाणी मोजून द्या. ज्या मुलीने प्रश्न विचारला तिने दोन पुड्या घ्याव्यात, एक अम्मीसाठी.