मान्यता टिकवणाऱ्यांचं स्वागत

रात्रपाळी उरकून थेट एसटी पकडून आलेल्या माझ्या सिस्टर-ब्रदरांनो,

मिरजेत तुमचं मनापासून स्वागत! मिशनरी डॉक्टर विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये इथं रुग्णालय उघडलं, तेव्हापासून गावाला पेशंटची सवय आहे. इथल्या स्टेशनवर उतरणारा एक तर एक्स-रेची पिशवी घेऊन येतो, नाहीतर इथं बनलेला तंबोरा न्यायला येतो, असं आम्ही गमतीनं म्हणतो.

संमेलनाचा विषय आहे शुश्रूषेतल्या उत्कृष्टतेची मान्यता. अमेरिकेतल्या ‘मॅग्नेट’ मान्यतेचं मूळ मला फार आवडतं. तिकडे परिचारिकांचा तुटवडा होता. त्या सोडून का जातात, हे सगळेच विचारत होते. १९८३ च्या एका अभ्यासानं विचारलं, त्या टिकतात कुठं? दीडशेहून अधिक रुग्णालयांतून अशी ४१ निघाली. पुढे १९९४ मध्ये सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या रुग्णालयाला पहिली मान्यता मिळाली. ती चार वर्षांपुरती असते. मग पुन्हा अर्ज, पुन्हा पुरावे. बेडसोर किती झाले, पेशंट किती पडले, सिस्टर समाधानी आहेत का, सगळं आकड्यांत दाखवायचं.

आपल्याकडे एनएबीएच या रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या मंडळाचं नर्सिंग एक्सलन्स प्रमाणपत्र आहे. पहिल्या खेपेला अख्खं रुग्णालय लग्नघरासारखं राबतं. खरी परीक्षा नूतनीकरणाची. एका रुग्णालयात, नाव घेत नाही, तपासणीच्या आदल्या रात्री पेशंटची दर दोन तासांनी कूस बदलल्याच्या सह्या एका बैठकीत, एकाच पेनानं होताना मी पाहिल्या आहेत. त्या सिस्टरला मी बोल लावणार नाही. अख्खा वॉर्ड तिच्या एकटीवर होता.

याउलट मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिकांनी, हल्ल्यानंतर अचेत झालेल्या आपल्या सहकारी अरुणा शानबाग यांना १९७३ पासून २०१५ पर्यंत, जवळपास ४२ वर्षं सांभाळलं. अंथरुणाला खिळलेल्या त्या देहावर एकही बेडसोर नाही, याची नोंद २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. तिथं कूस खरोखर बदलली जात होती, पिढ्यान् पिढ्या.

मी डॉक्टर नाही, एका रुग्णालयाचा विश्वस्त आहे. अशा शुश्रूषेला माणसं लागतात, पण सिस्टर वाढवायच्या की मशीन घ्यायचं, असा प्रश्न आला की आम्ही मशीन घेतो. त्यावर देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येते ना! म्हणून पहिलं सत्र मुद्दाम मनुष्यबळावर ठेवलंय आणि आमच्या विश्वस्तांना पहिल्या रांगेत बसवलंय. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ते उठणार नाहीत, ही जबाबदारी माझी. मोकळेपणानं बोला.