काचेवरचा टवका

आज गाडीबद्दल बोलायचंय. गाडीचं सगळं पुरुष बघतील, असं आता म्हणून चालत नाही. कितीतरी गटांनी कर्ज काढून माल वाहायला पिकअप घेतलीय, हप्ते आपणच भरतो. पुढे खडीचा डंपर असला की एखादा खडा उडतो, टक्‌कन समोरच्या काचेवर बसतो आणि टवका निघतो. तांदळाच्या दाण्याएवढा, कधी हरभऱ्याएवढा. ड्रायव्हर म्हणतो, "काही नाही ताई, चालतंय."

चार दिवस चालतंही. मग एका दुपारी गाडी उन्हात तापलेली असते, कुणीतरी धुवायला बादलीभर गार पाणी मारतं, आणि त्या टवक्यातून निघालेला तडा पार काचेच्या कडेपर्यंत जातो. आता अख्खी काच बदला. काचेचे पैसे, मजुरी, वर गाडी उभी राहिली त्या दिवसाचं भाडं बुडालं.

आताच्या गाड्यांची समोरची काच म्हणजे दोन काचा असतात, मध्ये प्लास्टिकचा पारदर्शक पापुद्रा. खडा बहुतेक वेळा बाहेरच्या काचेलाच लागतो, म्हणून टवका भरता येतो. दाराच्या काचा वेगळ्या. त्या फुटल्या की चुरा होतो, त्यांना दुरुस्ती नाही.

टवका दिसला की त्याच दिवशी काच कोरडी पुसा आणि वर साधी पारदर्शक चिकटपट्टी लावा. आत धूळ आणि पाणी गेलं तर भरलेला माल नीट धरत नाही, डागही राहतो. फेविक्विक अजिबात नको! ते आत सुकून बसलं की पुढचा कारागीर काहीच करू शकत नाही. दुरुस्ती होईपर्यंत गाडी सावलीत लावा, तापलेल्या काचेवर पाणी मारू नका, दारं आपटू नका.

मग तालुक्याला गाडीच्या काचांचं काम करणाऱ्याकडे जा. तो टवक्यातले सुटे कण काढतो, वर एक छोटं यंत्र बसवून आतली हवा ओढून घेतो आणि त्या जागी पातळ राळ दाबून भरतो. ही राळ अतिनील दिव्याखाली घट्ट होते. उन्हातही होते, म्हणून भरायचं काम सावलीत करतात. शेवटी वरची राळ ब्लेडने खरवडून काच पुसून देतो. तासाभरात गाडी मोकळी. बारीकसा ठिपका दिसत राहतो, त्यावरून भांडू नका. तडा पुढे जाऊ नये, एवढ्यासाठीच हे काम आहे.

सगळेच टवके मात्र भरून चालत नाहीत. रुपयाच्या नाण्याखाली झाकला जाईल एवढा असेल तर साधारण जमतं. काचेच्या अगदी कडेला असेल, आतल्या काचेलाही इजा असेल, किंवा ड्रायव्हरच्या नजरेसमोरच असेल, तर काच बदललेली बरी. रात्री समोरून दिवे आले की तो ठिपका चमकतो आणि रस्ता दिसत नाही. इथे पैसे वाचवू नका.

खर्चाआधी विम्याचा कागद काढा. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर आपल्या काचेचं काही मिळत नाही. पूर्ण विमा असेल तर एजंटला दोन गोष्टी विचारा: टवका भरायचे पैसे मिळतात का, आणि दावा केला तर पुढच्या वर्षीची सूट जाते का. काम छोटं असेल तर कधी कधी गटातून पैसे देणंच स्वस्त पडतं. पावती तेवढी घ्या, हिशेबाच्या वहीला लागेल.